नापासकाकांचा संच

नापासकाकांना खरं नाव होतं, पण ते त्यांची बायको आणि पगार काढणारा कारकून सोडून कुणाच्या लक्षात नसे. कुणीतरी रागाच्या भरात त्यांना नापासकाका म्हणालं आणि काकांना ते इतकं आवडलं की नाव ठेवणाराच ओशाळला. लोक पदव्या मिरवतात तसं काकांनी ते मिरवलं. फोन उचलला की पलीकडच्यानं तोंड उघडायच्या आत म्हणत, "नापास बोलतोय. बोला."

काम त्यांचं साधं होतं. ते ज्या कारखान्यात होते तिथे पोटॅश घातलेल्या गरम पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन काढत. पाणी फुटतं ते निकेलच्या जाळीवर, आणि ते फुटायला जितकं कमी व्होल्टेज लागेल तितकं विजेचं बिल हलकं. आता जाळीवर कसला लेप दिला म्हणजे पाणी कमी कष्टात फुटेल, या एका प्रश्नावर जगभरची शहाणी डोकी झिजत होती. त्या लेपाला म्हणायचं कॅटॅलिस्ट. ज्याला त्याला वाटे, आपल्यालाच तो सापडला. मग तो आपला तुकडा कापसात गुंडाळून, छानशा डबीत घालून कारखान्याला पाठवी आणि कारखाना ती डबी काकांच्या खोलीत ढकलून मोकळा होई.

डबीबरोबर एक फोटो येई, सूक्ष्मदर्शकातून काढलेला. काकांचा सगळ्यात जास्त राग त्या फोटोवर. "हा बघा फ्लॉवरचा गड्डा. हे साळिंदर. हा गवताचा भारा. अहो, मला पाणी फोडायचंय, बाग लावायची नाहीये!" लेपांची नावं तर विचारूच नका. चार धातू, दोन अधातू, पुढे नॅनो, मागे आणखी काहीतरी. नाव वाचून होईपर्यंत चहा निवायचा. आणि दावा एकच: काचेच्या एवढ्याशा भांड्यात, गार पाण्यात, मुंगीलाही झटका बसणार नाही इतक्या करंटवर आमचा तुकडा जगाला भारी ठरला.

काका तो तुकडा आपल्या संचात बसवत. संच म्हणजे ओळीनं मांडलेल्या बंद पेट्या, पेटीला पेटी जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, सगळ्या पेट्यांतून एकाच नळीनं फिरणारं, हात लावता येणार नाही इतकं गरम पोटॅशचं पाणी, आणि कारखान्यातल्याइतका सणसणीत करंट. पहिल्या दिवशी तुकडा ऐटीत चाले. दुसऱ्या दिवशी जरा कुरकुरे. आठवडा सरेपर्यंत लेप काळ्या पिठासारखा गाळणीत येऊन बसलेला असे, आणि शेजारच्या पेटीतली साधी, बिनलेपाची जाळी मात्र पहिल्यासारखीच निवांत चाललेली असे. काका निकाल लिहीत. एकच शब्द. कारण विचारणाऱ्याला सांगत, "कारण शोधायचा पगार तुम्हाला मिळतो, मला नाही."

त्यांच्या खोलीचा एक नियम होता आणि तो त्यांनीच घातलेला होता. कारखाना रात्रंदिवस चाले, पण काकांचा संच संध्याकाळी बंद. "माझ्या माघारी हायड्रोजन चालू राहायचा नाही. मला घरी जाऊन झोप लागली पाहिजे." खटका खाली, पंप बंद, हात पुसले, दिवा मालवला, कुलूप. या शिस्तीचं कारखान्यात कौतुक होतं आणि काकांना त्या कौतुकाचा कंटाळा कधी आला नाही.

घरी जेवणाच्या टेबलावरही शास्त्रज्ञच सोलले जात. काकांची एकुलती लेक ते ऐकत वाढली. बाकीच्या मुलांना राक्षसाच्या गोष्टी सांगत, हिला फ्लॉवरच्या गड्ड्याची. पोरगी हसून लोळायची. काकांना वाटलं, चला, एक तरी डोकं या खुळापासून वाचलं. तर ती मोठी होऊन नेमकी त्याच खुळात शिरली. एका संस्थेत तिला एक खोली आणि दोन मदतनीस मिळाले, आणि बाईसाहेब पोटॅशच्या पाण्यात जाळ्या बुडवू लागल्या.

काका तोंडानं म्हणत, "वाया गेली." मनातून त्यांना धास्ती होती की आज ना उद्या तिची डबी आपल्या खोलीत येणार.

ती आलीच. संस्थेनं सगळ्यांना बजावलं होतं: वर्षअखेरपर्यंत तुमचा लेप एखाद्या कारखान्यानं घेतला तर खोली तुमची, नाहीतर गाशा गुंडाळा. हायड्रोजनचे कारखाने होते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला घरापासून जवळचा हाच. मॅनेजर बिचारा सज्जन माणूस. त्यानं विचारलं, "काका, मुलीचं काम बापानंच तपासायचं? बरं दिसेल का?"

"बापानंच तपासावं," काका म्हणाले. "दुसरा कुणी असता तर दया दाखवली असती."

मॅनेजर हसला आणि हे वाक्य कारखानाभर सांगत सुटला. काकांनी ते परत परत ऐकलं आणि दर वेळी त्यांना ते जरा जास्तच आवडलं.

डबी उघडली तर आत फोटो नव्हता. लांबलचक नावही नव्हतं. चिठ्ठीवर नुसतं "निकेल आणि मॉलिब्डेनम" एवढंच. जाळीही दिसायला अगदी ध्यान, तळाला लागलेल्या पातेल्यासारखी. गार पाणी, काचेचं भांडं, किडूकमिडूक करंट, यातलं काही तिनं केलेलंच नव्हतं. बापाची सगळी टिंगल तिनं लहानपणापासून पाठ केली होती आणि त्या प्रत्येक टिंगलीवर उत्तर काढून मगच तुकडा पाठवला होता. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग ती खिशात घातली आणि तुकडा पेटीत बसवला.

पहिल्या दिवशी व्होल्टेज इतकं खाली आलं की काकांनी मीटरला दोन टपल्या मारल्या. मग दुसरा मीटर आणला. त्यानंही तेच सांगितलं. इतका हलका चालणारा तुकडा त्यांच्या संचात आजवर आला नव्हता. दुपारभर काका पेटीसमोर स्टूल टाकून बसून राहिले. चहा आणून ठेवला होता तो तसाच. संध्याकाळी त्यांनी खटका पाडला, हात पुसले, कुलूप लावलं आणि घरी जाताना रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी संच चालू केला तर तुकडा कुरकुरला. तिसऱ्या दिवशी आणखी. पुढचं सगळं काकांना तोंडपाठ होतं. आठवडा संपला तेव्हा गाळणीत काळं पीठ होतं. काकांना वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं. आणि त्याच पोटात कुठेतरी बरंही वाटलं, हे त्यांनी स्वतःपासूनही लपवलं नाही. आपण इतकी वर्षं जे म्हणत होतो ते खरं ठरलं. आपलं रक्त आहे म्हणून पाणी काही वेगळं फुटत नाही. त्यांनी निकाल लिहून त्याच दिवशी पाठवून दिला.

रात्री जेवताना त्यांनी तो घरातही जाहीर केला. बायको म्हणाली, "एवढं खाऊन झाल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"वास्तव काय जेवणाची वाट बघतं?" काका म्हणाले. "सुरुवात झकास होती, मान्य. पण लग्नातला बँड आणि संसार यात फरक असतो, बाईसाहेब."

लेकीचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. घास तसाच हातात धरून तिनं विचारलं, "बाबा, दिवसभरात कितीनं बिघडायचा?"

"म्हणजे?"

"सकाळी चालू केल्यापासून संध्याकाळी बंद करेपर्यंत. त्या वेळात व्होल्टेज किती चढायचं?"

काका उत्तर द्यायला गेले आणि थांबले. दिवसभर आकडा जागचा हलत नसे. सकाळी जो असे तोच संध्याकाळी. चढे तो दुसऱ्या दिवशी सकाळी. "दिवसा नाही चढायचं," ते म्हणाले. "म्हणून काय झालं?"

"म्हणजे माझा तुकडा काम करताना बिघडतच नाही. बिघडतो तो तुम्ही घरी आल्यावर."

"वा! आता माझ्या घरी येण्यानंही कॅटॅलिस्ट बिघडायला लागले. ही नवीच सबब. आजवर कुणाला सुचली नव्हती." काका बायकोकडे बघून हसले. बायको हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर लेक त्यांच्या खोलीत हजर झाली. हातात टाँग टेस्टर, तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर. संचात नवा कुणाचातरी साळिंदरछाप तुकडा चालू होता. तिनं तो चिमटा दोन पेट्यांमधल्या तांब्याच्या पट्टीला लावला आणि बाजूला उभी राहिली. "तुमच्या वेळेला बंद करा. फक्त एक करा. बंद केल्यावर जाऊ नका. इथे उभे राहा."

"कशाला?"

"नुसतं उभे राहा, बाबा."

काकांनी खटका पाडला. पंप थांबला. खोलीत एकदम शांतता पसरली आणि त्यांचा हात सवयीनं पुसायच्या फडक्याकडे गेला. लेक म्हणाली, "आकडा बघा."

आकडा शून्यावर यायला हवा होता. तो शून्यावर आला, आणि तिथे न थांबता पलीकडे गेला. समोर उणे चिन्ह लागलं आणि मागचा आकडा वाढत चालला. काकांनी खटका परत तपासला. तो खालीच होता. त्यांनी मागची तार सोडवून हातात घेतली. वीज कुठूनच येत नव्हती आणि पट्टीतून करंट वाहत होता, उलटा.

"हा कुठून येतोय?"

"पेट्यांमधूनच. दिवसभर वीज पाजली, आता संच बॅटरी होऊन बसलाय. सगळ्या पेट्यांचं पाणी एकाच नळीतून फिरतं, त्या पाण्यातून वाट मिळते. ज्या जाळीवर दिवसभर हायड्रोजन निघाला तीच आता उलट गंजतेय. साधी जाळी जाड कातडीची, तिला काही होत नाही. लेप बिचारा सोलून निघतो." ती सावकाश बोलत होती, त्यांच्याकडे न बघता. "रोज संध्याकाळी."

"मग कारखान्यात का नाही सोलून निघत?"

"कारखाना बंद कधी होतो?"

"नाही होत. झालाच तर बारीक करंट चालू ठेवतात ते लोक." काका म्हणाले. तो बारीक करंट त्यांना चांगला माहीत होता. ऑपरेटरांचा भित्रेपणा म्हणून त्यांनी त्याची कँटीनमध्ये यथेच्छ चेष्टा केली होती. तो कशासाठी असतो हे मात्र त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. नापासकाका असले प्रश्न विचारत नसत.

आकडा अजून उणेच होता. काका त्याच्याकडे बघत राहिले. रोज या वेळेला ते फाटकाबाहेर पडलेले असत. संच बंद केल्यावर काय करतो हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. कारखान्यात जे कधी घडतच नाही, नेमकी त्याचीच परीक्षा ते आल्यागेल्याकडून घेत बसले होते.

"त्यातले बहुतेक नालायकच होते," ते शेवटी म्हणाले. आवाज नेहमीचा लावायचा त्यांनी प्रयत्न केला.

"असतील ना," लेक म्हणाली. "कोणते नव्हते?"

काकांनी निकालांची वही उघडली; प्रत्येक पानावर तोच एक शब्द होता.

सकाळी ते मॅनेजरसमोर उभे राहिले आणि म्हणाले की चाचणी चुकीची आहे, निकाल मागे घ्या, संच रात्रभर चालू ठेवून तुकडा पुन्हा लावू. मॅनेजरनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू आलं. काकांनी ते ओळखलं. दुसऱ्यांच्या डब्या उघडताना त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असे ते हेच.

"काका, इतक्या लोकांचे तुकडे गेले, तेव्हा संच उत्तम होता. आणि बरोबर घरचा तुकडा आला तेव्हा संच बिघडला?"

"बिघडला नाही. पहिल्यापासून चुकतोय. या, दाखवतो. संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा."

"दाखवाल हो. तुम्ही दाखवायचं ठरवलंत तर हवा तो आकडाही दाखवाल." मॅनेजरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या भल्यासाठी सांगतो. निकाल बाहेर गेलाय. आता फिरवलात तर लोक काय म्हणतील? सगळ्या जगाला नापास करणारा माणूस लेकीसाठी विरघळला. आयुष्यभराची अब्रू आहे काका, ती अशी धुवू नका."

काका तावातावानं बोलू लागले, पण बोलताना त्यांनाच ऐकू येत होतं की ते कसं वाटतंय. नापास झालेला प्रत्येक माणूस फोनवर असाच बोलायचा. चाचणीतच खोट आहे म्हणायचा. काका फोन कानापासून लांब धरून ते खोलीतल्यांना ऐकवत आणि शेवटी 'बघू' म्हणून फोन ठेवत. मॅनेजरला अविश्वास कसा दाखवायचा हे दुसऱ्या कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून काकांनी आपला संच संध्याकाळी बंद केला नाही. पहारेकऱ्याशी भांडून ते खोलीतच थांबू लागले. मॅनेजरनं खोलीची वीजच संध्याकाळी बाहेरून तोडायचा हुकूम काढला, आणि हुकमात काकांच्याच नियमाचा दाखला दिला.

इकडे संस्थेत आवराआवर सुरू झाली होती. एक मदतनीस दुसरीकडे चिकटला, दुसरा चिकटायच्या बेतात होता. लेक मात्र जेवायला बसली तेव्हा जरा हुशारीत होती. "त्याच लेपाचा उरलेला तुकडा मी डोंगरापलीकडच्या कारखान्यात पाठवलाय," ती म्हणाली. "त्यांनी घ्यायचं कबूल केलं. परवा लावतील."

"छान झालं," आई म्हणाली. "तिथे कुणी आपल्या नात्यातलं नाही ना? मग झालं तर."

काकांनी विचारलं, "तपासणार कोण?"

"पाना."

पाना म्हणजे काकांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. सदा हातात पाना, म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. तो तिकडे चाचणी खोलीचा प्रमुख होऊन गेला तेव्हा काकांनी स्वतः त्याला संच उभा करून दिला होता, पेट्या, पट्ट्या, नळी, अगदी इथल्यासारखा. निघताना त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

काकांचा हात ताटातच थांबला. "तो संध्याकाळी बंद करतो?"

लेकीनं पाण्याचा घोट घेतला. "तुमच्यापेक्षा पाच मिनिटं आधी."

"तू सांगितलं नाहीस त्याला?"

"सांगितलं. तो म्हणाला, 'ताई, काकांनी शिकवलंय, नापास झालेला माणूस आधी चाचणीला नावं ठेवतो.'" ती चिडून बोलली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती फक्त थकली होती. "वर्षअखेरच्या आत तपासून देणारा दुसरा कारखाना आता नाही, बाबा. परवा लावतील. पुढच्या आठवड्यात पीठ होईल."

काका उठले. हात धुतला न धुतला आणि त्यांनी फोन लावला. उभ्यानंच, दाराच्या चौकटीला टेकून. पान्यानं लगेच उचलला.

"काका! बोला, बोला!"

"माझ्या मुलीचा तुकडा आलाय तुझ्याकडे."

"आलाय ना. सोडत नाही त्याला, काळजी नको. तुमच्यासारखाच घेतो." पाना खूष होता. गुरूला आपलं काम दाखवायची संधी मिळालेल्या माणसासारखा खूष.

"संध्याकाळी बंद करू नकोस."

 पलीकडे पाना हसला. "काका, तुम्ही माझी परीक्षा बघताय?"

"परीक्षा नाही रे. तो संच चुकीचा आहे. मी चुकीचा लावून दिला तुला. बंद केल्यावर उलटा करंट वाहतो, लेप सोलून काढतो. पट्टीला टाँग टेस्टर लाव आणि बंद केल्यावर उभा राहा. बाकी काही करू नकोस, नुसता उभा राहा."

"काका," पाना म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, कीव होती, "मुलीसाठी माणूस काय काय करतो. मी समजू शकतो."

टेबलाशी बसलेल्या दोघी ऐकत होत्या. काकांनी दोघींकडे पाठ केली. कुणापुढे कधी न वाकलेला हा माणूस चौकटीला धरून म्हणाला, "हात जोडतो बाबा तुला. पाया पडतो. पाच मिनिटं. तुझी पाच मिनिटं दे मला."

"बघू, काका," पाना म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

काका फोन हातात घेऊन तसेच उभे राहिले. लेकीनं मागून विचारलं, "काय म्हणाला?" "बघू म्हणाला," ते म्हणाले. 'बघू' म्हणून फोन ठेवल्यावर काय बघतात, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते रोज कुणाला ना कुणाला तेच सांगत आले होते, आणि पुढे एकदाही त्यांनी काही बघितलं नव्हतं.